ल ग्विनबाईंचे ह्युगो पाच, सात की आठ?

परभणीच्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न आहे. एम.ए. इंग्रजीच्या शेवटच्या वर्षाला ती अमेरिकी विज्ञानकथा-लेखिका अर्सुला के. ल ग्विन यांच्यावर प्रकल्प करतेय आणि गाइडने मुख्य पुरस्कारांचा तक्ता जोडायला सांगितलाय. तिची अडचण तिच्याच शब्दांत: "ह्युगो कुठे पाच दिलेत, कुठे सात, कुठे आठ. नेब्युला कुठे पाच, कुठे सहा. वर्षं तर कुठेच जुळत नाहीत. एका ठिकाणी पुलित्झर मिळाला असंही वाचलं. सर, नेमकं काय लिहू?"

अंबाजोगाईला कॉलेजच्या ग्रंथालयात माझी सगळी नोकरी गेली, त्यातली बरीचशी संदर्भ विभागात. त्यामुळे असले न जुळणारे आकडे हा माझा रोजचा धंदा. तर ऐक.

ह्युगो आणि नेब्युला हे विज्ञानकथा-अद्भुतकथेचे दोन मोठे पुरस्कार. त्यातल्या ह्युगोचे पाच, सात, आठ हे तिन्ही आकडे बरोबर आहेत. मोजणाऱ्याने काय धरलं आणि काय सोडलं, एवढाच फरक.

कथा-कादंबऱ्यांसाठी बाईंना 5 ह्युगो मिळाले. 1970 ला 'द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस' ही कादंबरी, 1973 ला 'द वर्ड फॉर वर्ल्ड इज फॉरेस्ट' ही लघुकादंबरी, 1974 ला 'द वन्स हू वॉक अवे फ्रॉम ओमेलास' ही लघुकथा, 1975 ला 'द डिस्पझेस्ड' ही कादंबरी आणि 1988 ला 'बफेलो गॅल्स, वोन्ट यू कम आउट टुनाइट' ही दीर्घकथा. 2016 पर्यंत छापलेलं कुठलंही संदर्भपुस्तक उघड, त्यात हेच पाच दिसतील, आणि ते चूक नाही. त्यानंतर 2017 ला 'वर्ड्स आर माय मॅटर' आणि 2018 ला 'नो टाइम टू स्पेअर' या दोन लेखसंग्रहांना कथात्म नसलेल्या लेखनाच्या गटात ह्युगो मिळाले. झाले सात. यातला दुसरा मरणोत्तर, कारण बाई 22 जानेवारी 2018 ला पोर्टलंडला वारल्या. आठव्याची गंमत वेगळीच. ह्युगो ज्या जागतिक विज्ञानकथा संमेलनात देतात, त्याच्या 2019 च्या डब्लिन अधिवेशनात 'कला-पुस्तक' असा एक गट फक्त त्या वर्षापुरता ठेवला होता. तो 'द बुक्स ऑफ अर्थसी' या सचित्र आवृत्तीला गेला. चित्रं चार्ल्स वेस यांची, मजकूर ल ग्विन यांचा. आता हा ह्युगो चित्रकाराच्या खात्यावर टाकायचा की लेखिकेच्या? काही जण दोघांच्या खात्यावर टाकतात, म्हणून आठ. तू तक्त्यात 'कथासाहित्यासाठी 5, एकूण 8' असं लिही आणि खाली एका ओळीत हा खुलासा कर. व्हायव्हाला बाहेरून आलेले सर नेमके अशाच आकड्यावर बोट ठेवतात.

नेब्युलाचं सोपं आहे. ते 6. 'द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस', 'द डिस्पझेस्ड', 'द डे बिफोर द रेव्होल्यूशन' ही लघुकथा, 'तेहानू', 'सॉलिट्यूड' ही दीर्घकथा आणि शेवटचा 'पॉवर्स' या कादंबरीला. 2009 च्या आधीच्या यादीत 'पॉवर्स' असणारच नाही, म्हणून तिथे पाच. सहापैकी चार नेब्युला कादंबरीचे आहेत. कादंबरीसाठी इतके नेब्युला दुसऱ्या कुणाकडे नाहीत. 2003 ला नेब्युला देणाऱ्या लेखक-संघटनेनेच त्यांना 'ग्रँड मास्टर' हा सन्मान दिला. आंद्रे नॉर्टननंतर तो मिळवणाऱ्या त्या दुसऱ्या स्त्री. हा सन्मान सहात मिळवू नकोस. तो एका पुस्तकाचा नाही, आयुष्यभराच्या कामाचा आहे.

वर्षं का जुळत नाहीत, ते आता. ह्युगोला समारंभाचं वर्ष लावतात, नेब्युलाला साधारणपणे पुस्तकाच्या प्रकाशनाचं. 'द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस' 1969 चं पुस्तक. त्याचा नेब्युला '1969 चा' म्हणतात, पण हातात पडला 1970 ला. आणि त्याचा ह्युगो मात्र '1970 चा'. एकच पुस्तक, दोन पुरस्कार, लागोपाठची दोन वर्षं, आणि समारंभ दोन्हीचे 1970 मध्येच. 'पॉवर्स'चं तर अजून एक पाऊल पुढे. पुस्तक 2007 चं, नेब्युला 2008 चा, समारंभ 2009 च्या एप्रिलचा. कारण त्या काळातल्या नियमाने पुस्तक छापल्याच्या पुढच्या वर्षीही पात्र ठरू शकायचं. म्हणून तक्त्यात वर्षाचा एकच रकाना ठेवलास की फसलीस. प्रकाशनवर्ष आणि पुरस्काराचं वर्ष असे दोन रकाने कर.

गटांची नावंही नीट लिही. लघुकथा, दीर्घकथा, लघुकादंबरी, कादंबरी या चार गटांच्या सीमा तिकडे शब्दांवर ठरलेल्या आहेत: 7,500 पर्यंत लघुकथा, 17,500 पर्यंत दीर्घकथा, 40,000 पर्यंत लघुकादंबरी, त्यापुढे कादंबरी. आपल्याकडे दिवाळी अंकाचा संपादक म्हणेल ती दीर्घकथा. तिकडे तसं चालत नाही, शब्द मोजूनच कथा गटात बसते.

आता जे तुझ्या गाइडने विचारलेलं नाही, पण ज्याच्याशिवाय तक्त्याला काही अर्थ नाही, ते. पुरस्कार देतो कोण?

ह्युगो वाचक देतात. 1953 पासून जागतिक विज्ञानकथा संमेलनाचे सदस्य तो मतदानाने ठरवतात, आणि सदस्य होण्यासाठी फक्त शुल्क भरावं लागतं. प्रत्यक्ष हजर राहायचीही गरज नाही. 2022 ला उदगीरला मराठी साहित्य संमेलन झालं तेव्हा शुल्क भरलेल्या प्रत्येक प्रतिनिधीला मतपत्रिका दिली असती आणि वर्षाची सर्वोत्तम कादंबरी पसंतीक्रमाने निवडायला सांगितलं असतं, तर जे झालं असतं ते ह्युगो. नेब्युला लेखक देतात: अमेरिकेतल्या विज्ञानकथा-लेखकांच्या संघटनेचे सदस्य, 1965 च्या पुस्तकांपासून. 'लोकस' हा त्याच नावाच्या मासिकाच्या वाचकांचा कौल, 1971 पासून. बाईंना तो वीसपेक्षा जास्त वेळा मिळालाय, सगळे देत बसू नकोस. वर्ल्ड फँटसी पुरस्कार 1975 पासून, आणि त्याचा निकाल परीक्षक मंडळ लावतं. तो 'बफेलो गॅल्स'ला 1988 मध्ये मिळाला, आणि 1995 ला जीवनगौरव. म्हणजे एकाच लेखिकेला सामान्य वाचकांनी, धंद्यातल्या लेखकांनी आणि बंद खोलीत बसलेल्या परीक्षकांनी, तिघांनीही पसंत केलं. या तिघांचं एकमत सहसा होत नाही. वाचक ज्याला डोक्यावर घेतात त्याच्याकडे परीक्षक नाक मुरडतात, हे आपण इथेही बघतोच. ल ग्विन यांचं वेगळेपण माझ्या मते आकड्यात नाही, या एकमतात आहे. प्रकल्पात एक परिच्छेद तरी यावर लिही.

'पहिली स्त्री' हा शब्द वापरताना जरा जपून. कादंबरीचा ह्युगो मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री, 1970 ला, पश्चिम जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या संमेलनात. पण कथासाहित्यासाठी ह्युगो मिळवणारी पहिली स्त्री अॅन मॅकॅफ्री, 1968, लघुकादंबरीसाठी. 'ह्युगो मिळवणारी पहिली स्त्री' असं सरसकट लिहिलंस तर ते चूक ठरेल, आणि ते बऱ्याच ठिकाणी तसंच लिहिलेलं आहे. 'द डिस्पझेस्ड'नंतर मात्र एक विक्रम निर्विवाद त्यांचा झाला: एकाच कादंबरीला ह्युगो आणि नेब्युला दोन्ही, अशी कामगिरी दोनदा करणाऱ्या त्या पहिल्या लेखक. इथे स्त्री-पुरुष भेद नाही, सगळ्यांतच पहिल्या. आणि 1975 चा तो ह्युगो मेलबर्नच्या ज्या संमेलनात जाहीर झाला, त्याच्या सन्माननीय पाहुण्या त्याच होत्या.

आता माझ्या आवडीचा भाग. ल ग्विन यांना विज्ञानकथेच्या लोकांनी ओळखलं त्याच्या आधी ओळखलं बालसाहित्याच्या लोकांनी, आणि त्यात मोठा वाटा ग्रंथपालांचा होता. बर्कलीच्या पार्नासस प्रेस या छोट्या प्रकाशनाने त्यांच्याकडे जरा मोठ्या मुलांसाठी पुस्तक मागितलं. त्यातून 1968 ला 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' आलं. बेटांचं जग, जादूगारांची शाळा, आणि तांबूस-सावळ्या कातडीचा नायक. सावळा नायक त्यांनी मुद्दाम ठेवला होता. तरी पुढे कित्येक वर्षं मुखपृष्ठांवर गोरापान मुलगा छापत राहिले, याचा बाईंना शेवटपर्यंत राग होता. त्या पुस्तकाला 1969 चा बोस्टन ग्लोब-हॉर्न बुक पुरस्कार मिळाला. पहिला ह्युगो यायला अजून एक वर्ष होतं. पुढचं 'द टूम्ब्ज ऑफ अतुआन', त्याला 1972 ला न्यूबेरी ऑनर. इथेही सांभाळ: न्यूबेरी पदक वेगळं, न्यूबेरी ऑनर वेगळा. पदक एकाच पुस्तकाला देतात आणि त्याच्या मागोमागच्या काहींना ऑनर. दोन्ही ठरवतात अमेरिकन ग्रंथालय संघाच्या बालविभागातले ग्रंथपाल. तिसरं 'द फार्देस्ट शोअर'. त्याला 1973 चा नॅशनल बुक अवॉर्ड, बालसाहित्याच्या गटात. 2004 ला पुन्हा ग्रंथपालांचाच मार्गारेट एडवर्ड्स पुरस्कार, तरुण वाचकांसाठी केलेल्या एकूण लेखनाबद्दल. हे लिहिताना माझी छाती थोडी फुगते, ते चालवून घे.

अर्थसीची मालिका 1972 ला संपली असं सगळ्यांनी धरलं होतं. 18 वर्षांनी, 1990 ला, बाईंनी 'तेहानू' लिहिली. पहिल्या पुस्तकांतली पराक्रमाची जादू तिच्यात जवळजवळ नाहीच. अतुआनची तरुण पुजारीण आता विधवा, चाळिशी ओलांडलेली शेतकरीण आहे आणि आगीत भाजलेल्या एका पोरीला सांभाळतेय. आपणच रचलेल्या जगात बाया कुठे आहेत, असं लेखिकेने स्वतःलाच विचारलं आणि जाहीरपणे उत्तर दिलं. बरेच जुने वाचक नाराज झाले, पण लेखकांनी नेब्युला दिला. तुझा प्रकल्प स्त्रीवादी अंगाने जाणार असेल तर सगळे पुरस्कार बाजूला ठेव आणि फक्त 'तेहानू'चा नेब्युला धर. तेवढं पुरेल.

नाकारलेला पुरस्कार कुठल्याच तक्त्यात येत नाही, म्हणून तो इथे सांगतो. पोलंडचे लेखक स्तानिस्लाव लेम यांना अमेरिकेतल्या त्याच लेखक-संघटनेने 1973 ला मानद सदस्यत्व दिलं होतं. लेम यांनी अमेरिकी विज्ञानकथेची सालटी काढणारं लिहिलं. काही सदस्य खवळले आणि 1976 ला ते सदस्यत्व काढून घेतलं गेलं. त्या वर्षी ल ग्विन यांची 'द डायरी ऑफ द रोझ' ही दीर्घकथा नेब्युलाच्या स्पर्धेत होती. कथेचा विषय काय, तर वेगळं मत बाळगणाऱ्या माणसाला मनोरुग्ण ठरवून त्याच्यावर 'उपचार' करणारी राजवट. अशा कथेसाठी, मतापायी एका लेखकाला बाहेर काढणाऱ्या संघटनेचा पुरस्कार घ्यायचा हे बाईंना पटेना. त्यांनी कथा मागे घेतली. पुढे एका लेखात त्यांनी सांगितलंय की संघटनेतून फोन आला होता: कथा जिंकलीय, पुन्हा विचार करा. त्या नाही म्हणाल्या आणि पुरस्कार दुसऱ्या क्रमांकाच्या कथेला गेला, आयझॅक असिमोव्ह यांच्या 'द बायसेंटेनियल मॅन'ला. असिमोव्ह म्हणजे लेमविरोधी गोटातलं वजनदार नाव; हा विनोद बाईंच्याही लक्षात आला होता. म्हणजे नेब्युला सात झाले असते. तळटीप द्यायचीच असेल तर ही दे.

पुलित्झर मिळालेला नाही. 1997 ला 'अनलॉकिंग द एअर' हा कथासंग्रह अंतिम यादीत होता, तिथेच थांबला. अंतिम यादीतल्याला 'विजेता' म्हणायची सवय आपल्याकडेही फार आहे. शिफारसपत्र मिळालं तरी गावात फ्लेक्स लागतो. नोबेलही नाही.

2014 चं पदक आणि 1973 चा नॅशनल बुक अवॉर्ड, हे दोन्ही बरेच जण एकच समजतात. 1973 चा एका पुस्तकाला होता. 2014 चं नॅशनल बुक फाउंडेशनचं पदक अमेरिकी साहित्यातल्या एकूण योगदानाबद्दल होतं आणि ते त्यांच्या हाती दिलं लेखक नील गेमन यांनी. 1973 च्या भाषणात त्यांनी अद्भुतकथेची बाजू मांडली होती. 2014 ला, वयाच्या 85 व्या वर्षी, त्या पुन्हा याच मुद्द्यावर आल्या, आणि या वेळी भीडभाड न ठेवता. हे पदक आपण त्या सगळ्या अद्भुत आणि विज्ञानकथा लिहिणाऱ्यांसोबत वाटून घेतोय, ज्यांना इतकी वर्षं साहित्याच्या पंगतीत पानच वाढलं गेलं नाही आणि मानाची ताटं वास्तववाद्यांकडे जात राहिली, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. मग त्या प्रकाशकांकडे वळल्या. अॅमेझॉन आणि हॅशेट या प्रकाशनसंस्थेचं ई-पुस्तकांच्या किमतींवरून कित्येक महिने चाललेलं भांडण तेव्हा नुकतंच मिटलं होतं. कुणाचं नाव न घेता त्यांनी पुस्तकाला नुसता विक्रीचा माल समजणाऱ्यांना धारेवर धरलं. समोर बसलेल्यांत प्रकाशनव्यवसायातलेच लोक भरलेले होते! पाच-सहा मिनिटांचं ते भाषण यूट्यूबवर आहे, ते बघ. कादंबरी वाचायच्या आधी बघितलंस तरी चालेल.

ही पंगतीची तक्रार मराठीला लागू होते का? माझ्या मते होते. जयंत नारळीकरांचंच बघ. 1974 ला मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा पाठवली, तीही नारायण विनायक जगताप या टोपणनावाने, आपल्याच आद्याक्षरांचा क्रम उलटा करून. मोठं नाव बघून परीक्षकांनी झुकतं माप देऊ नये म्हणून. कथेला पहिलं बक्षीस मिळालं. तिथून पुढे चार दशकं त्यांनी मराठी विज्ञानकथा उभी केली. पण साहित्य अकादमी त्यांना 2014 ला मिळाली ती 'चार नगरांतले माझे विश्व' या आत्मचरित्राला, विज्ञानकथेला नाही. 2021 ला नाशिकच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद मिळालं, हे मात्र मान्य करायला हवं. आणि आपल्या भागाचं म्हणशील, तर मराठवाड्याकडून अकादमी वास्तवाचीच अपेक्षा ठेवते. तुमच्याच परभणीचे आसाराम लोमटे यांच्या 'आलोक'ला 2016 ला अकादमी मिळाली. ते पुस्तक फार चांगलं आहे, तक्रार त्याबद्दल नाही. पण लोअर दुधना धरणाच्या काठावर बसून कुणी परग्रहावरच्या दुष्काळाची कादंबरी लिहिली, तर ती कुठल्या पुरस्काराला पाठवायची हा प्रश्न आपल्याकडे खरोखरच पडेल. ल ग्विन यांच्या पिढीने तिकडे वाचक, लेखक आणि परीक्षक असे वेगवेगळे मंच आधीच उभे केले होते, त्यामुळे मुख्य प्रवाहाने दार उघडेपर्यंत लिहिणारे तग धरून राहिले.

बाकीचं थोडक्यात. 2002 ला कथालेखनासाठी पेन/मालमड पुरस्कार. 2000 ला अमेरिकी संसदेच्या ग्रंथालयाने 'लिव्हिंग लेजंड' म्हणून गौरवलं. 2017 ला अमेरिकन अॅकॅडमी ऑफ आर्ट्स अँड लेटर्सवर निवड. 2021 ला टपाल तिकीट निघालं, त्यावर त्यांच्या चेहऱ्यामागे 'द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस'मधला बर्फातला प्रवास आहे. आणि 2022 पासून त्यांच्या नावाचाच एक पुरस्कार सुरू झालाय, 25,000 डॉलरचा; पहिला केनियाच्या खदीजा अब्दल्ला बजाबेर यांना मिळाला. हा त्यांनी मिळवलेला नाही, त्यांच्या नावाचा आहे. तक्त्यात घुसडू नकोस.

रकाने असे कर: पुस्तक किंवा कथा, प्रकाशनवर्ष, पुरस्कार, पुरस्काराचं वर्ष, गट, आणि शेवटी 'कोणी दिला'. या शेवटच्या रकान्यात वाचक, लेखक, परीक्षक किंवा ग्रंथपाल यांपैकी एकच शब्द लिही. 'लोकस'पैकी दोनच घे: 1975 चा 'द डिस्पझेस्ड'चा आणि 2009 चा 'लव्हिनिया'चा. जीवनगौरव प्रकारातले सगळे सन्मान खाली वेगळ्या तक्त्यात टाक. विकिपीडियावरून उचललेला आकडा पुरस्कार देणाऱ्या संस्थेच्या स्वतःच्या यादीशी ताडून बघ; ह्युगो, नेब्युला आणि नॅशनल बुक या तिघांच्या वर्षवार याद्या त्यांच्या संकेतस्थळांवर फुकट आहेत.

आणि हे सगळं करायच्या आधी ओमेलासची कथा वाचून काढ. थोड्याच पानांची आहे, एका बैठकीत होते. सगळं शहर सुखात आणि ते सुख तळघरात कोंडलेल्या एका पोराच्या हालांवर उभं, एवढाच तिचा जीव. गाइडने ती वाचलेली नसेल तर त्यांनाही एक झेरॉक्स दे. तक्ता तयार झाला की मला पाठव, व्हायव्हाच्या आधी एकदा नजर टाकतो.